पान सत्त्याण्णव

बाई गेल्या तेव्हा ग्रंथपाल मला म्हणाले, "तुम्ही त्यांच्या टेबलावर बसायचात. चार ओळी तुम्हीच लिहा, वार्षिक अंकात घालू." मी नाही म्हणालो. घरी आल्यावर वाटलं, नाही म्हणालो ते बरोबरच केलं, कारण मला त्यांच्याबद्दल माहिती ती काय? त्यांचं लग्न झालं होतं की नाही, मला माहीत नाही. घरात किती खोल्या होत्या, माहीत नाही. त्यांचं वय मला त्या गेल्यावर कळलं आणि माझा अंदाज चांगला सात-आठ वर्षांनी चुकलेला निघाला. एका टेबलावर समोरासमोर बसण्याला ओळख म्हणत नाहीत. तरी ग्रंथपालांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हो म्हणून बसलो. दुसऱ्यांदा नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. अर्ज सोडले तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

बाई कवळ्या बनवायच्या. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन ठसा पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, मेणात दात बसवायचे आणि मग पक्की कवळी करून परत पाठवायची, हे त्यांचं काम. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली आणि खिडकीशी लांब ओटा. ओट्यावर साचे मांडून ठेवलेले असत, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटे, तोंडं तेवढी येऊन बसलीत, माणसं मागून येणार आहेत.

आमचं बोलणं सुरू झालं तेही दातांमुळेच. मी वर्तमानपत्र वाचत होतो. काहीतरी वाचून मला हसू आलं असावं. समोरून आवाज आला, "वरची माझ्या हातची आहे."

मला काही कळेना.

"कवळी हो. डावीकडचा सुळा मी मुद्दाम जरा वाकडा बसवला होता. सगळे सरळ बसवले की माणूस खोटं बोलल्यासारखा दिसतो. बोचत नाही ना?"

मी मान हलवून तोंड मिटलं आणि आठवडाभर त्या टेबलाकडे फिरकलो नाही.

त्यांना वाचनालयात सगळे 'उजळणी' म्हणत, म्हणजे त्यांच्यामागे. दर शनिवारी त्या दोन पुस्तकं नेत, एक नवं आणि एक आधी वाचलेलं. नियमच होता त्यांचा. नव्याला काही धरबंध नसे. मुंग्यांवरचं पुस्तक, खुनाची कादंबरी, मेलेल्या ताऱ्यांवरचं, भुतांचं, कुणी कुठलं वाळवंट चालत ओलांडलं त्याचं, माणसं पाण्याखाली शहर बांधून राहतात असलं मनानं रचलेलं. जे हाताला लागेल ते. पण जोडीला उजळणीचं हवंच. एकदा मी धीर करून विचारलं, की वाचलेलं परत कशाला वाचता, शेवट तर माहीत असतो.

"नवं वाचताना मी पाहुणी असते, काका," त्या म्हणाल्या. "कुठे बसू, कुठे नको, असं होतं. जुन्यात मी सरळ स्वयंपाकघरात जाते. तुम्ही काय वाचता?"

"बातम्या. आणि हवामान."

"हवामानात तर रोजच कल्पनाशक्ती लागते," त्या म्हणाल्या. त्यांचा विनोद असाच असायचा, सरळ तोंडानं सांगितलेला.

त्यांचा धाकटा भाऊ क्रेन चालवायचा. एकटाच राहायचा. एका सकाळी तो क्रेनवरून उतरला आणि शिडीशीच बसला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून बाईंनी त्याला आपल्याकडे आणलं आणि दुकानामागच्या खोलीत ठेवलं, म्हणजे काम करता करता लक्ष राहील. मी त्याला कधी पाहिलं नाही. खिडकीतून पलंगाची एक कड दिसायची, तेवढीच.

दुखणं वाईटच होतं, पण बाईंचा जीव टांगणीला लागला तो वेगळ्याच कारणानं. तो खाईना. घास गिळता येत होता, डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. पण तो तोंडच उघडत नव्हता. चमचा नेला की ओठ घट्ट. नळी घातली तर चांगल्या हातानं उपटून टाकी.

"जन्मभर लोकांच्या तोंडाची मापं घेतली," त्या म्हणाल्या, "अनोळखी माणसं माझ्यासाठी आ करतात. आणि हा, मी भरवलेला पोर, माझ्यासमोर दातखीळ बसल्यासारखा पडून असतो."

 

मग एक दिवस त्या आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्यानं. आदल्या संध्याकाळी चमचा धरून धरून हात भरून आला, तशा त्या स्वतःशीच पुटपुटायला लागल्या. लहानपणी एक पुस्तक त्या धाकट्याला पुन्हा पुन्हा वाचून दाखवायच्या. ह्याच वाचनालयाचं होतं. एक इंजिनिअर समुद्रातल्या खडकावरच्या दीपगृहात एक हिवाळा राहिला, त्यानं लिहिलेली खरी हकिगत. तिची पहिली ओळ बाईंच्या तोंडून सहज निघाली: 'मी त्या खडकावर उतरलो तेव्हा होडीवाल्यानं माझा निरोप घेतला नाही.' आणि पलंगावरून आवाज आला, "पुढे."

किती दिवसांनी काढलेला पहिला शब्द. त्यानंतर त्यानं तोंड उघडलं, चमचा घेतला, गिळला, आणि परत म्हणाला, "पुढे."

लहानपणीही तो असाच जेवायचा म्हणे. एक वाक्य, एक घास.

बाईंनी ते पुस्तक त्याच दिवशी नेलं. शेल्फवर होतं, नव्या प्रतीत. पंधरवडाभर सगळं छान चाललं. त्या वाचायच्या, तो खायचा. मध्ये त्यांनी दुसरी पुस्तकं वाचून पाहिली, भुतांची, प्रवासाची, तो हसेल अशी. ओठ बंद. स्वतःच्या मनानं गोष्ट रचून पाहिली, तेव्हा तर त्यानं डोळेही मिटून घेतले. त्याला तेच पुस्तक हवं होतं, तीच वाक्यं, त्याच क्रमानं.

आणि मग शहाण्णवावं पान संपलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक माझ्यासमोर उघडून ठेवलं. हाताला प्लास्टर तसंच होतं, पानावर पांढरे ठसे उमटले.

"काका, हे वाचा. इथून."

मी वाचलं. वादळाची रात्र आहे. दीपगृहाच्या खालच्या दारावर कुणीतरी ठोकतंय. खडकावर तर दुसरं माणूस नाही. लेखक कंदील घेऊन जिना उतरतो. पानाची शेवटची ओळ होती, 'मी कडी काढली आणि दार उघडलं.' पान उलटलं. सत्त्याण्णवाव्या पानाची सुरुवात: 'कुणी नव्हतं. लाटेनं उखडलेली एक फळी दारावर आपटत होती.'

"म्हातारा आहे का त्यात?" बाईंनी विचारलं.

"कुठला म्हातारा?"

"दारात म्हातारा उभा असतो. 'समोर एक म्हातारा उभा होता आणि त्यानं आपली सावली घडी करून काखेत धरली होती.' पुढे तो ह्याला आपल्या गावी नेतो. तिथे सावल्या फाटतात, झिजतात, आणि हा म्हातारा त्या रफू करून देतो. सगळी पुढची गोष्ट तीच आहे. आम्ही पाठ केली होती. धाकटा मला विचारायचा, हा तर तिकडे गेला, मग दीपगृहातला दिवा आता कोण लावतं? मला सांगता यायचं नाही, कारण पुस्तकात परत दिवा येतच नाही."

मी पुढची पानं चाळली. फळी, सुतारकाम, भरती-ओहोटीची मापं. सावल्या कुठेच नव्हत्या. तसं मी सांगितलं.

"काल मी फळी वाचली आणि त्यानं तोंड फिरवलं. भिंतीकडे. त्यानंतर पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही." त्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे म्हातारा मी रचला का हो? लहानपणी? माझं डोकं फिरलंय की पुस्तकाचं?"

पण डोकं दोघांचं एकदम कसं फिरेल? धाकटाही म्हाताऱ्याचीच वाट बघत होता. हे मला तेव्हा सुचलं नाही. खरं काय झालं असेल ते ग्रंथपालांनी सांगितलं, आणि तेही थट्टेनं.

"ताई, तुमची ती प्रत आमच्या जुन्या बाइंडरच्या हातची असणार. तो बसायचा दहा पुस्तकं एकदम उसवून. एकाचं धड आणि दुसऱ्याचं शेपूट लावलं असेल."

बाई हसल्या नाहीत. "असं होऊ शकतं?"

मग ग्रंथपालही गंभीर झाले. त्यांनी सांगितलं ते असं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्यांनी शिवलेलं असतं, जुडीला फॉर्मा म्हणतात. सहा फॉर्म्यांची शहाण्णव पानं होतात. सातवा फॉर्मा सत्त्याण्णवपासूनच सुरू होणार, मग पुस्तक कुठलंही असो. एकाच छापखान्यातली, एकाच आकाराची दोन पुस्तकं उसवून ठेवली, एकाचा पुढचा गठ्ठा दुसऱ्यावर ठेवला, तर पानांचे आकडे बरोबर जुळतात. कुणाच्या बापाला कळायचं नाही.

"ती प्रत आहे कुठे?"

"ती केव्हाच रद्दीत गेली, ताई. वाळवी लागली होती."

बाई म्हणाल्या, "म्हणजे म्हातारा दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकात आहे. सत्त्याण्णव पानावर."

ते पुस्तक कुठलं, हे कुणाला माहीत नव्हतं. नाव नाही, लेखक नाही. होतं ते फक्त पान. त्यांनी पहिल्या कपाटाच्या पहिल्या फळीवरचं पहिलं पुस्तक काढलं, सत्त्याण्णव उघडलं, पाहिलं, परत ठेवलं. मग दुसरं.

मी समोर बसून वर्तमानपत्र धरलं होतं. एक ओळही वाचून झाली नाही. शेवटी उठलो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटापासून सुरुवात केली.

मी कधी गोष्टीची पुस्तकं वाचली नव्हती. त्या दिवसांत मी शेकड्यांनी वाचली असं म्हणता येईल, प्रत्येकाचं एकच पान. एका पानावर एक बाई चंद्रावर कपडे वाळत घालत होती. एका पानावर मधमाशा पोळं सोडायचं की नाही ते कसं ठरवतात ते होतं, आणि मला ते इतकं आवडलं की मी उभ्याउभ्या अठ्ठ्याण्णवही वाचलं. एका पानावर इन्स्पेक्टर म्हणत होता, "खुनी याच खोलीत आहे," आणि मला ते पुस्तक परत ठेवावं लागलं. खुनी कोण, मला अजून माहीत नाही. बाई खोलीच्या त्या टोकाला होत्या. त्या काहीही वाचत थांबत नव्हत्या. उघडायचं, पाहायचं, ठेवायचं. जी पुस्तकं त्यांनी दोनदा-तीनदा उजळली होती तीही त्या अनोळखी माणसासारखी परत सारत होत्या.

दुपारी त्या घरी जायच्या. दीपगृहाची पहिली शहाण्णव पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या आणि कडीपाशी यायच्या आधीच थांबायच्या. तो खायचा, पण कमी. "त्याला कळतं मी कुठे थांबते ते," त्या म्हणाल्या. "काल चौथ्या चमच्याला माझ्याकडे असं बघितलं. पूर्वी गृहपाठ लपवला की मी बघायचे त्याच्याकडे, तसं." डॉक्टर येऊन मनगट धरून गेले आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्यानं बाई मेटाकुटीला आल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकं परत ठेवेनात, जमिनीवरच ठेवत सुटल्या. ग्रंथपाल मागून उचलत होते. रागावले नाहीत.

मला वाटतं पाचव्या का सहाव्या दिवशी मी लहान मुलांच्या कपाटाशी पोचलो. वरच्या फळीवर एक जाड पुस्तक मागे पडलं होतं, 'सावल्यांचा रफूगार'. नाव वाचून मी ते घाईनं ओढून काढलं. पण सत्त्याण्णव उघडलं, आणि तिथे होतं, 'कुणी नव्हतं. लाटेनं उखडलेली एक फळी दारावर आपटत होती.'

मी ते बाजूला ठेवलं. मला खरंच वाटलं, आता कुठलंही पुस्तक उघडलं तरी आपल्याला फळीच दिसणार. थोड्या वेळानं बाई जवळ आल्या तेव्हा मी नुसतं म्हणालो, "एक सापडलं होतं, पण त्यातही फळीच आहे."

"काय?"

मी दाखवलं. त्यांनी पहिलं पान पाहिलं, सत्त्याण्णव पाहिलं. परत पहिलं पाहिलं. मग जिथे होत्या तिथेच जमिनीवर बसल्या.

"काका, माझ्या दुकानात एकदा असंच झालं होतं. दोन म्हाताऱ्यांचे डबे होते. वरची ह्याची गेली त्याच्या डब्यात. हा येऊन भांडायला लागला की बसत नाही. मी साचे तपासत बसले. मला आधी कळायला हवं होतं, की ह्याच्या तोंडात त्याची आहे तर ह्याची कुठे असणार? त्याच्याच तोंडात." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "हा दुसरा डबा आहे."

म्हणजे आता नाव कळलं होतं. पुढचा भाग मात्र त्या प्रतीत नव्हता, तो दीपगृहाच्या जुन्या प्रतीबरोबर रद्दीत गेला होता. दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतात तसं. ग्रंथपालांनी त्याच दिवशी चार गावांच्या वाचनालयांना फोन लावले. तिघांकडे नव्हतं. चौथ्यानं बघून सांगतो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी होकार दिला. पुस्तक येईपर्यंतचे दिवस बाईंनी कसे काढले ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दुकानाची खिडकी बंद असे आणि ओट्यावरचे साचे होते तसेच बसून असत.

पुस्तक आलं त्या दिवशी बाईंनी ते पोस्टमनच्या हातून उघड्या गल्लीतच घेतलं. पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्यांनी कडी वाचली, दार उघडलं, आणि न थांबता म्हातारा वाचला. धाकट्याच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. हसू होतं की काय, सांगता येत नाही. मग "पुढे." वाटीभर खाल्लं त्यानं.

चार-पाच दिवस बाई शनिवारीच नव्हे तर रोज वाचनालयात डोकावून जायच्या आणि मला नुसता हात दाखवायच्या. मग ते थांबलं. मला वाटलं, काम साठलं असेल. पण कारण वेगळं होतं. त्यांनी पानं मोजायला सुरुवात केली होती.

"पुस्तक संपत चाललंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी पंधरा पानं वाचली, काका. मूर्खासारखी. आता दोनच वाचते. वाक्य अर्धं तोडते, चमचा देते, उरलेलं अर्धं मग. त्याला राग येतो. चांगला हात आपटतो. पण मी काय करू? संपलं की काय देऊ त्याला?"

तरी ते संपलंच. म्हातारा शेवटची सावली शिवतो आणि सुई खाली ठेवतो, तिथे पुस्तक संपतं. बाईंनी मिटलं. आणि धाकटा म्हणाला, "पुढे."

पुढे काही नव्हतं. त्या सांगत होत्या की त्यांना त्या क्षणी त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की पुढे आहे. दीपगृहाचं पुस्तक सत्त्याण्णवच्या पुढे त्यांनी दोघांनी कधी वाचलेलंच नव्हतं. त्यांनी ते उघडलं आणि वाचलं, जणू माणूस सावल्यांच्या गावाहून परत आलाय आणि दारात उभा आहे: 'कुणी नव्हतं. लाटेनं उखडलेली एक फळी दारावर आपटत होती.' ह्या खेपेला त्यानं तोंड फिरवलं नाही. तोंड उघडलं.

त्या अर्ध्या पुस्तकावर त्यानं आणखी काही दिवस काढले. बाई रोज अर्धं पान वाचायच्या. भरतीची मापं दोनदा वाचायच्या, वेळ जावा म्हणून. पण शेवटची सकाळ आली. हिवाळा संपतो, होडी येते, दुसरा माणूस खडकावर उतरतो. इंजिनिअर त्याच्या हाती किल्ली देतो आणि होडीतून मागे बघतो तर दिवा लागलेला असतो.

"मी म्हटलं, धाकट्या, बघ. दुसरा आलाय. तो लावतो दिवा," बाई म्हणाल्या. "त्यानं माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली. मग मीच म्हटलं, म्हण ना रे. पुढे म्हण. रफूगाराची सुरुवात आहे अजून, तीही आपण वाचलेली नाही, वाचते ना. चार ओळी वाचल्या मी. तो दाराकडे बघत होता."

त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाही. आठवडाही काढला नाही.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते वाचनालयाच्या पायरीवर, त्याला नेल्यानंतर काही दिवसांनी. "एक पान ठेवायला हवं होतं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "अर्धं तरी. कुणी सांगितलं होतं मला शेवटपर्यंत वाचायला?" मला म्हणायचं होतं, की त्याचा लहानपणापासूनचा प्रश्न सुटला, बाई, आणखी कुणाला ते सुटलेलं बघायला मिळतं? पण मला त्याची स्वतःलाच खात्री नव्हती. त्या उठून गेल्या.

नंतर त्या आल्या त्या पुस्तक न घेता बसायला. टेबलावर हात ठेवून बसायच्या. ग्रंथपालांनी विचारलं, "ताई, उजळणीचं काही काढू?" त्या म्हणाल्या, "नको, सगळ्यांचे शेवट माहीत आहेत."

एका शनिवारी मात्र त्यांच्या पिशवीत परगावच्या वाचनालयाचं ते 'सावल्यांचा रफूगार' होतं, परत द्यायला आणलेलं. त्यानंतरच्या सोमवारी त्या गेल्या, झोपेतच. म्हणून तो शनिवार सांगतो आणि थांबतो.

त्यांनी पुस्तक माझ्यासमोर सरकवलं. "पाठवायच्या आधी तुम्ही वाचा. पहिल्यापासून. म्हातारा त्या दारापर्यंत आला कसा, ते मला ठाऊक नाही."

"वाचून सांगू का?"

"नको. नुसतं वाचा." त्या उठल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. "खालची बोचतेय तुम्हाला."

"नाही."

"खोटं बोलू नका. जीभ सारखी तिथेच जातेय. मंगळवारी या, घासून देते."

"येतो," मी म्हणालो.

"सकाळी या. दुपारी मेण वितळतं."